व्याह्यांची गाडी

गारखेड्याच्या भाजीबाजारात सुलेखा दिसली की भाजीवाले टोपली तिच्याकडे सरकवतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. बाईंचं आटपायला वेळ लागणार, हे त्यांना ठाऊक असतं. वांगं घ्यायचं तर ती देठ उचलून पाहते, उजेडाकडे धरून फिरवते, अंगठ्यानं दाबते आणि निम्म्याहून जास्त परत ठेवते. साडी दाखवली तर आधी उलटी बाजू मागते. पोटच्या पोरीच्या लग्नात आचाऱ्यानं आणलेल्या पातेल्यांच्या बुडावरून हात फिरवून तिनं दोन पातेली माघारी पाठवली होती. त्याची आठवण निघाली की तिच्या माहेरचे अजून हसतात आणि आचारी अजून तिच्या घरचं काम घेत नाही.

दोष तिचा नाही, नोकरीचा आहे. चितेगावच्या एका कारखान्यात मोटारींची क्लचची आणि ब्रेकची पेडलं बनतात, आणि बाहेर पडणारं प्रत्येक पेडल सुलेखाच्या टेबलावरून जातं. रोज सकाळी कंपनीच्या बसनं पैठण रोड धरायचा, चष्मा पुसायचा आणि संध्याकाळपर्यंत लोखंड निरखायचं. चांगल्याला हिरवी चिठ्ठी, वाईटाला लाल. लाल चिठ्ठीवर कारणाचा रकाना असतो. तो भरल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही, हा तिचा दंडक. नव्या पोरींना ती सांगते, "कारण सांगता येत नसेल तर हात लावू नका. नुसतं मनाला आलं म्हणून नापास करायला ही काय सोयरीक आहे?" इतक्या वर्षांत तिनं खराब माल पास केला नाही आणि चांगला माल नापास केला नाही. बाकी कुठल्या कौतुकाला ती भीक घालत नाही, हे एवढं मात्र कुणी बोललं की शेवटपर्यंत ऐकून घेते.

अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो राजेंद्र. दुकानदारानं चहा मागवला की ह्यानं पाकीट काढलंच. कधी कुणाला 'नको' म्हणाला नाही, म्हणून आळीत लोकप्रिय आणि घरात बोलणी खाणारा. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी सरकारी जीपच्या मागच्या आडव्या बाकावर बसून केली. पुढं साहेब, मागं हा, पायाशी साहेबांचा डबा. निवृत्त झाल्यावर त्यानं एकच हौस धरली. मोठी गाडी घ्यायची, पुढच्या सीटवर बसायचं आणि लडाखला जायचं. दिवसभर मोबाइलवर बर्फातल्या घाटांचे व्हिडिओ. कढईत फोडणी तडतडत असताना हा स्वयंपाकघरात येऊन सांगणार, "अगं, खारदुंगलाला आज ऊन पडलंय."

आणि नेमकं ह्याच माणसाच्या कानात नानासाहेबांनी गाडीचं घातलं.

नानासाहेब म्हणजे त्यांचे व्याही. वैजापूरला कांद्याची आडत, मार्केट यार्डात मोठं नाव. दोन वर्षांपूर्वी सुलेखाची एकुलती एक मुलगी तनुजा त्यांच्या सुदर्शनला दिली. माणसं चांगली, घर भरलेलं. पण बोलकी पोर लग्नानंतर फोनवर 'बरं आहे' आणि 'चाललंय' एवढ्यावर आली होती, आणि ते सुलेखाला आतून पोखरत होतं. विचारलं तर म्हणायची, "आई, तू मला पण तपासू नको."

तर ह्या नानासाहेबांच्या दारात एक दांडगी परदेशी गाडी होती. डोंगरात, चिखलात, वाळूत, कुठंही जाणारी, आत कातड्याच्या खुर्च्या, आणि चढायला पायरी लागावी इतकी उंच. ती घेतली त्या साली कांद्याला सोन्याचा भाव आला, म्हणून नानासाहेब तिला लक्ष्मी म्हणत. आता त्यांनी दुसरी नवी गाडी घेतली होती. एका बारशाच्या पंगतीत ते राजेंद्रच्या ताटात जिलबी वाढता वाढता म्हणाले, "साल झालं, दारात उभीच हाय. चाक हललं नाय. पन परक्याला द्यायची नाय बघा, लक्ष्मी हाय ती. घरच्या मानसानं नेली तर बरं, नायतर राहील दारात."

"भाव काय?" असं विचारायला राजेंद्रनं तोंड उघडलं. नानासाहेबांनी त्यात दुसरी जिलबी ठेवली. "घरात भाव कसला, राजेंद्रराव? तुमी द्याल ते."

'तुम्ही द्याल ते' ह्याइतका महाग भाव जगात दुसरा नाही, हे सुलेखानं त्या रात्री नवऱ्याला परोपरीनं समजावलं. व्याह्यांना कमी कसं सांगायचं, ह्या भिडेपोटी राजेंद्र स्वतःच स्वतःचा आकडा चढवत बसला होता. पहिल्या दिवशी ठरवलेला आकडा दुसऱ्या दिवशी त्याला व्याह्यांच्या मानाला शोभेना, तिसऱ्या दिवशी आणखी वाढवला. समोर विकणारा नसताना एकट्यानं लिलाव करणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. निवृत्तीचा जवळजवळ सगळा फंड त्या गाडीच्या टपावर जाऊन बसणार होता.

"घ्यायची तर घ्या," ती म्हणाली. "पण मी तपासल्याशिवाय नाही."

"व्याह्यांची गाडी तपासायची?" राजेंद्र असा दचकला की जणू ती व्याह्यांचे दात मोजायला निघाली होती.

पहिल्या खेपेला ती दोघं आपल्या जुन्या छोट्या लाल गाडीनं वैजापूरला गेली. बैठकीत पोहे, पोह्यांवर चहा, चहावर पुन्हा 'घ्या की थोडं'. गाडी पाहायचं नाव सुलेखानं काढलं की नानासाहेब म्हणत, "ती कुठं पळून चाललीय?" शेवटी सगळे अंगणात आले तेव्हा गाडीला झेंडूचा हार, इंजिनाच्या झाकणाच्या फटीवरच काढलेलं स्वस्तिक आणि पुढं उदबत्ती. झाकण उघडायचं म्हणजे स्वस्तिक उभं चिरायचं. सुलेखानं हात पुढं केला तसा राजेंद्रनं तिचा पदर मागून हळूच ओढला. मग नानासाहेबांनी राजेंद्रला टॉवेल-टोपी चढवली, नारळ दिला, शेजारच्या दोघांनी फोटो काढले. राजेंद्रनं काय तपासलं? टोपी सावरत एका टायरला बुटाचं टोक लावलं आणि हॉर्न वाजवून पाहिला. "दमदार आहे," म्हणाला.

परतीच्या वाटेवर सुलेखा फणफणत होती. "मी इंजिन बघायला गेले होते. मी टोपी बघून आले."

राजेंद्र स्वतःशीच हसत म्हणाला, "आत एक गोल बटण आहे. चिखल, वाळू, बर्फ. बर्फावर फिरवलं की गाडी बर्फात चालते."

"वैजापुरात बर्फ कुठं पडतो, अहो?"

दुसऱ्या खेपेच्या आधी तिनं स्वतः फोन करून सांगितलं, की गाडी अजिबात सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं, ते नंतर बोलत नाही. धूर येतो का, खडखड होते का, रात्रभर उभी राहून गाडी एका अंगाला बसलीय का, हे सगळं तेव्हाच कळतं. नानासाहेब फोनवर म्हणाले, "व्हय व्हय, काळजीच नको."

ती पोचली तेव्हा गाडी अंगणात घुरघुरत उभी होती.

"ऊन लई हाय ना," नानासाहेब कौतुकानं म्हणाले. "म्हटलं, विहीणबाई यायच्या आधी एसी लावून ठिवावा. अर्धा तास झाला. बसा, बसा आत. गार वाटंल."

ह्या माणसाला काय म्हणावं? लबाड म्हणावं तर चेहरा निष्पाप, आणि निष्पाप म्हणावं तर काम पक्क्या दलालाचं. सुलेखा त्या गारव्यात बसून रागानं घामाघूम झाली. तोवर राजेंद्र बाहेर मुहूर्त ठरवून मोकळा झाला होता. पुढचा रविवार, सकाळी दहा. पेढ्यांची ऑर्डर सुद्धा गेली होती.

त्या आठवड्यात तिला झोप कसली ती लागली नाही. गाडी बिघडकी निघाली तर आयुष्याचा फंड पाण्यात. नको म्हणावं तर व्याह्यांचा अपमान, आणि तो अपमान राजेंद्रच्या वाट्याला थोडाच येणार होता? तो त्या घरात राहणाऱ्या तनुजाच्या वाट्याला येणार. बुधवारी तिनं तनुजाला स्पष्टच विचारलं, "मला खरं सांग. गाडी कशी आहे?"

"चांगली आहे, आई."

"मग घ्यावी म्हणतेस?"

"घ्या ना. बाबांना लई आवडलीय."

हे 'घ्या ना' सुलेखाच्या कानाला वाकडं लागलं. पोरगी घाबरून बोलतेय, असाच तिनं अर्थ लावला.

राजेंद्रचा मित्र पुंडलिक, हा तसा देव माणूस, पण मत न मागता देणारा. तो येऊन म्हणाला, "वहिनी, गाडीचं तोंड बघा ना किती रुबाबदार आहे." सुलेखानं त्याला चहा न विचारता घालवला.

रविवारी तिनं राजेंद्रला पहाटेच उठवलं. मुहूर्त दहाचा आणि निघायचं अंधारात, म्हणून तो लासूर येईपर्यंत जांभया देत कुरकुरला. सातच्या आधी ते वैजापूरला नानासाहेबांच्या फाटकात होते. नानासाहेब नुकतेच उठून चूळ भरत होते. राजेंद्रला तिनं बैठकीत ढकललं, तनुजाकडून चावी मागून घेतली आणि अंगणात एकटीच त्या गाडीपुढं उभी राहिली. हार नाही, उदबत्ती नाही, एसी नाही. इंजिनाच्या झाकणाला हात लावला. गार.

मग तिनं चष्मा पुसला.

आधी ती गाडीभोवती फिरली. कुठल्याही अंगाला बसलेली नव्हती. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या. झाकण उघडून बिजागरीचे बोल्ट पाहिले. रंग अभंग, म्हणजे कुठं ठोकून उघडलेली नाही. पायाखालची जाजमं उचलली, गंज नाही, ओल नाही. पदर खोचून, खाली वाकून, मोबाइलची बॅटरी लावून तिनं पोट पाहिलं. तेलाचा टिपूस नाही. तिला दोष सापडेना, आणि दोष सापडत नाही म्हणून तिचा पारा चढत गेला. एवढा जीव खाल्ला, एवढ्या खेपा घातल्या, आणि गाडी आपली धुतल्या तांदळासारखी?

शेवटी ती चाकाशी उकिडवी बसली आणि तिथं तिला जे हवं होतं ते मिळालं.

ब्रेकची तबकडी चकचकीत होती. साल झालं, चाक हललं नाही? वर्षभर उभ्या गाडीची ती तबकडी तांबेरा धरते, टायर खालच्या अंगाला चपटतो, बॅटरी मान टाकते. इथं तबकडी आरशासारखी, टायर गोल, आणि टायरच्या खाचांत ओली माती. ही गाडी काल चालली होती. परवाही चालली असणार. रोज चालत होती.

म्हणजे व्याही खोटं बोलले. ती तिथंच बसून दात चावत राहिली. भाड्यानं देतात की काय? लग्नाच्या वरातींना? आणि वर लक्ष्मी म्हणतात, टॉवेल-टोपी चढवतात, 'तुम्ही द्याल ते' म्हणतात. तिला हे जाऊन सगळ्यांसमोर ओरडून सांगावंसं वाटलं, आणि लगेच स्वयंपाकघराच्या खिडकीतून तनुजाच्या बांगड्या वाजल्या. ओरडायचं कुणासमोर? उद्या ह्याच घरात पोरीनं राहायचंय. सुलेखाला आपलाच संताप आला, की कुठल्या जन्माची ही सोयरीक.

आता निदान इंजिन तरी ऐकावं, म्हणून पायरीवरून चढून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. गाडी सुरू करायला ब्रेक दाबून धरावा लागतो, हे तिला माहीत होतं. पण सीट नानासाहेबांच्या मापाची, थेट मागं. तिचे पाय पेडलापासून वीतभर लांब लोंबकळत राहिले. हयातभर पेडलं तपासली आणि आज एक पेडल पायाला लागेना. सीट पुढं घ्यायची कळ शोधताना तिला दाराच्या आतल्या बाजूला तीन छोटी बटणं दिसली. एक, दोन, तीन.

एक दाबलं. काही झालं नाही, सीट आधीच तिथं होती. दोन दाबलं तर सीट आणखी मागं गेली. म्हणजे प्रत्येक बटणात एकेकाचं माप साठवलेलं, आणि हे लंबूटांग सुदर्शनचं. मग तिनं तीन दाबलं.

सीट गुणगुणत पुढं निघाली. पुढं आली, आणखी पुढं आली, मग वर उचलली गेली. स्टिअरिंग खाली झुकलं. बाहेरचे आरसे वळले. सगळं थांबलं तेव्हा सुलेखाचे पाय पेडलावर टेकलेले होते, नजर काचेतून सरळ फाटकाबाहेर जात होती आणि दोन्ही आरशांत मागचं अंगण नीट दिसत होतं. ब्रेक दाबून तिनं इंजिन सुरू करून ऐकलं, ना धूर ना खडखड, आणि बंद केलं. ती सीट तिला शिवून आणल्यासारखी बसली होती.

ह्या घरात एवढ्या मापाचं कोण होतं? नानासाहेब नाही, सुदर्शन नाही. विहीणबाई आशाबाई ठेंगण्या, पण त्यांना सायकलसुद्धा येत नाही. सुलेखाची उंची ह्या घरात एकाच माणसाला होती. लग्न जमवताना त्याच उंचीवरून कुणी कुणी नाकं मुरडली होती, आणि सुलेखानं सांगितलं होतं की पोर माझ्यावर गेलीय, मला काही कमी पडलं नाही.

"सापडलं का?" काचेबाहेरून आवाज आला. आशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर दातात धरलेला.

सुलेखानं काच खाली घेतली. "तनुजा चालवते?"

आशाबाईंनी आधी मागं वळून बघितलं. "मालक आंघोळीला गेलेत," त्या हळू म्हणाल्या. "व्हय, तीच चालवती. सुदर्शनला ठावं हाय, तोच डिझेल भरतो. त्याच्या बापाला नाय. मालक बाजारात गेले की आमी दोघी निघतो. मी शेजारी बसते."

"कुठं जाता?"

"कुठंच नाय." आशाबाईंना स्वतःलाच हसू आलं. "धरणावर जातो, पानी बघतो, माघारी येतो. एवढी सालं झाली या घरात, विहीणबाई, पन काम नसताना मी कधी कुठं गेले नव्हते. पोरगी म्हनली, आत्या, चला. मी म्हटलं, कशाला? ती म्हनली, कशालाच नाय."

"आणि गाव काही बोलत नाही?"

"गाव गाडीला रामराम करतं. येवढ्या उंचीवर आत कोन हाय ते कोन बघतंय? परवा तर यार्डाम्होरून गेलो, आमच्याच हमालांनी हात जोडले. मी बी जोडले."

सुलेखाला हसावं की कपाळ बडवावं कळेना. "मग मला आधी का नाही सांगितलं? मी बुधवारी विचारलं होतं तिला."

"मी बी तेच म्हटलं. पन ती म्हनली, बाबांनी जन्मात पहिल्यांदा काय मागितलंय, त्यांना घेऊ द्या. आनि मालकांना सांगायची सोय नाय. त्यांचं म्हननं, आडतदाराच्या सुनेनं गाडी हाकली तर लोक तोंडावर हसतील. चावीच काढून घेतील." आशाबाईंनी तांब्या उगाचच ह्या हातातून त्या हातात घेतला. "तिच्या तोंडाकडं बघवत नाय, विहीणबाई, चार दिवस झाले."

तेवढ्यात तनुजा स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ. तिनं आईकडं बघितलं, मग पुढं सरकलेल्या त्या सीटकडं.

"आई, एक दाब," एवढंच म्हणाली. "नाना येतील."

सुलेखानं एक दाबलं. सीट तिला घेऊन मागं निघाली, पाय पेडलावरून उचलले गेले आणि पुन्हा लोंबकळू लागले.

दहा वाजता बैठक भरली. पेढे आले, नवा टॉवेल आला, नवी टोपी आली. राजेंद्र धुतलेल्या शर्टात नव्या नवरदेवासारखा अवघडून बसला होता. नानासाहेब म्हणाले, "विहीणबाईंनी पहाटंपासून गाडी उलटीपालटी केली म्हनं. करावीच. घरची असली तरी वस्तू बघून घ्यावी. बोला, काय खोट सापडली?"

खोट नव्हती. तिच्या टेबलावरून इतका नेक माल क्वचितच गेला होता. हिरवी चिठ्ठी द्यावी तर दुपारी गाडी गारखेड्याला जाणार आणि पोर पुन्हा 'बरं आहे, चाललंय' वर येणार. खोटी खोट काढावी तर व्याह्यांच्या लक्ष्मीला नाव ठेवल्यासारखं होणार. समोर नवरा बसलेला, डोळ्यांत अख्खं लडाख घेऊन. तिला त्याची कीव आली, आणि अशा वेळी कीव आली म्हणून त्याचा रागही आला. तिनं जन्मात न केलेली गोष्ट केली.

"गाडी एक नंबर आहे," ती म्हणाली. "पण आम्हाला चालायची नाही. माझे पाय पोचत नाहीत."

"पाय?" नानासाहेबांना अर्थबोध होईना. "पाय कशाला पोचायला पायजेत? तुमी तर बाजूला बसनार."

"लडाख काय जवळ आहे? हे एकटे किती चालवणार? निम्मी वाट मी चालवणार आहे. मला चालवता येणार नसेल तर मला ती गाडी नको."

राजेंद्रचा हातातला पेढा हातातच राहिला. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात स्कूटीला किक मारली नाही, ती निम्मं हिंदुस्थान पार करायला निघाली होती.

नानासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. राग नाही, अपमान नाही; उलट त्यांना ते फारच आवडलं. "आता समजलं. आवो विहीणबाई, ही बायकांची गाडीच नव्हं. ही बापय मानसाची गाडी. बायकांचे पाय पोचायचे कसे हिला?"

आशाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि खोकत आत गेल्या. तनुजानं कुणी चहा प्यायच्या आधीच कप गोळा करायला घेतले.

"मग आता कुणाला देणार?" सुलेखानं विचारलं.

"कुनाला नाय. म्हटलंय ना, परक्याला द्यायची नाय. राहील दारात. लक्ष्मी हाय." नानासाहेबांनी राजेंद्रला टोपी चढवलीच. आणलेली टोपी परत कशी ठेवायची?

निघताना आशाबाईंनी सुलेखाची ओटी भरली. खण-नारळ दिल्यावर हात सोडायला त्यांनी उशीर केला. तनुजा फाटकापर्यंत आली आणि सगळ्यांदेखत आईच्या गळ्यात पडली, लहानपणी पडायची तशी. नानासाहेबांनी नव्या गाडीच्या आरशात बघून मिशा नीट केल्या.

लाल गाडी गाव सोडून मोकळ्या रस्त्याला लागली. राजेंद्र टोपी न काढता गाडी चालवत होता. बोलायचं तेव्हा मेला कधी बोलत नाही, असं ती मनात म्हणाली, आणि तेवढ्यात तो बोलला.

"त्या गाडीची सीट बटणानं पुढं येते," तो म्हणाला. "वर पण येते. मी सगळं माहितीपुस्तक वाचलंय, दोनदा. पाच फुटाच्या माणसालासुद्धा पेडल पोचतं."

सुलेखानं त्याच्याकडं पाहिलं. "मग तिथं का नाही बोललात?"

"तू लाल चिठ्ठी लावलीस," राजेंद्र रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "कारण असल्याशिवाय तू लावायची नाहीस."

मग तिनं त्याला तीन नंबरचं बटण सांगितलं, धरण सांगितलं, हात जोडणारे हमाल सांगितले. तो ऐकत गेला. आशाबाईंनीही हात जोडले, हे ऐकून तो इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले, आणि नंतर हसू थांबलं तरी तो डोळे पुसतच राहिला. एका लिंबाच्या सावलीत त्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली, टोपी काढून मागच्या सीटवर ठेवली आणि खाली उतरला.

"आता काय झालं?" सुलेखा म्हणाली.

त्यानं फिरून येऊन तिच्या बाजूचं दार उघडलं. "उतर. तिकडं बस."

"कशाला?"

"चार माणसांत बोललीस ना, निम्मी वाट मी चालवणार म्हणून? लडाखला आता हीच गाडी न्यावी लागणार. बस."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? मला काय येतं?"

पण राजेंद्र दार धरून उभाच राहिला. जन्मात कधी कुणाला नको न म्हणणारा माणूस एकदाचा अडून बसला, तो नेमका हायवेच्या कडेला. सुलेखा बडबडत उतरली, बडबडत फिरून आली आणि आपल्याच गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर पहिल्यांदा बसली. ही गाडी घेताना तिनं टायर पाहिले होते, इंजिन पाहिलं होतं, जाजमाखालचा पत्रासुद्धा पाहिला होता. इथं बसून मात्र पाहिलं नव्हतं. पाय लांब केले. पोचेनात.

तिनं सीटखालची दांडी शोधून ओढली. दांडी हलेना. इतक्या वर्षांत ती सीट कुणी जागची हलवलीच नव्हती. खाली धूळ धरून घट्ट बसली होती. ती दोन्ही हातांनी दांडी धरून बसली, राजेंद्र मागच्या दारानं आत वाकला आणि त्यानं पाठीमागून जोर लावला. पहिल्यांदा नुसतीच करकरली. दुसऱ्यांदा एकदम सुटली आणि सुलेखा सीटसकट पुढं आली.

"पोचले?" मागून त्यानं विचारलं.

तिनं चप्पल काढून पाय पेडलावर ठेवला. गार, खरखरीत. पेडलाच्या दुमडलेल्या कडेला अंगठा लावून तपासायची सवय हाताला होती, पायाला नव्हती.

"पोचले," ती म्हणाली. "आता ह्यातलं कुठलं आधी दाबायचं ते सांगा, आणि माझ्यावर खेकसू नका."